वॉर्ड बघून या, मग ठरवा

प्रवेशाचा हंगाम आला की ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीतली मुलंमुली घरी येतात. सोबत बहुतेक वेळा आई किंवा वडील असतात. दोन मेडिकल कॉलेजांनी प्रवेश देऊ केलेला असतो, क्वचित तीन. निर्णय कळवायची तारीख तोंडावर आलेली असते आणि प्रश्न एकच असतो : "यांतलं मोठं कोणतं?" मी उलट विचारतो, "तू पहिल्यांदा पेशंटच्या पोटावर हात ठेवशील, तेव्हा तुझ्या शेजारी कोण उभं असेल?" आजवर याचं उत्तर एकालाही देता आलेलं नाही.

दोष त्यांचा नाही. माहितीपत्रकात इमारतीचे फोटो असतात, संशोधनाच्या अनुदानाचे आकडे असतात, रुग्णालयात खाटा किती तेही असतं. त्या खाटांपाशी विद्यार्थी किती वेळ असतो, त्याने लिहिलेली केस (पेशंटची हकिगत आणि तपासणीची नोंद) कोणी वाचतं का, तो चुकला तर त्याला कोण आणि कसं सांगतं, यातलं काहीही नसतं. मग कोवळ्या वयातली माणसं आयुष्यभर पुरणारा निर्णय नावाच्या वजनावर घेतात. हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे असं समजून आपण तो सोडून देतो. मला तो सगळ्यांचा प्रश्न वाटतो. निवड चुकली तर विद्यार्थ्याची पाच-सहा वर्षं जातात, पण कॉलेजात जे शिकायचं राहिलं त्याचा भुर्दंड पुढची तीस-पस्तीस वर्षं पेशंट भरतात. आणि पेशंटला त्या निवडीत कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे : कॉलेजची पारख पेशंटच्या खाटेपासून सुरू करावी, आणि त्या खाटेपाशी काय घडतं हे उघडपणे सांगणं कॉलेजांवर बंधनकारक असावं.

खाटेपाशी शिकवणं ही जुनी आणि साधी गोष्ट आहे. हॉलंडमधल्या लायडन शहरात १७१४ पासून वैद्यकाचे प्राध्यापक हर्मान बूर्हाव्हे सेंट सिसिलिया रुग्णालयात विद्यार्थ्यांना शिकवत. शिकवण्यासाठी त्यांच्याकडे बारा खाटा होत्या, सहा पुरुषांच्या आणि सहा स्त्रियांच्या. तेवढ्या बारा खाटांभोवती उभं राहायला युरोपभरातून विद्यार्थी येत. एडिंबरात १७२६ साली वैद्यकाची विद्याशाखा उभी राहिली ती बूर्हाव्हेंच्या शिष्यांच्या हातून. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल १८९३ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथले वैद्यकाचे प्राध्यापक विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या बाकांवरून उठवून वॉर्डात नेलं. एकेकाला पेशंट नेमून दिले आणि त्या पेशंटची हकिगत लिहायची, तपासायची, रोज पाहायची जबाबदारी टाकली. आपण वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवलं एवढीच ओळख मागे राहावी, असं ते पुढे म्हणाले होते. त्यांच्या नावावर मोठं पाठ्यपुस्तक होतं, शोधनिबंध होते, तरी त्यांना स्वतःची म्हणावीशी वाटली ती ही गोष्ट.

बारा खाटांची आठवण मी मुद्दाम काढतो. दीड-दोन हजार खाटांचं रुग्णालय म्हटलं की घरची माणसं भारावून जातात. इतके पेशंट म्हणजे इतकं शिक्षण, असा हिशेब मनात होतो. पण मोठ्या रेफरल रुग्णालयात, म्हणजे इतर डॉक्टरांनी पाठवलेले पेशंट जिथे येतात तिथे, पेशंट आणि विद्यार्थी यांच्यामध्ये माणसांच्या रांगा असतात. सल्लागार डॉक्टर, त्यांच्या मागे सुपरस्पेशालिटी शिकणारे, त्यांच्या मागे रेसिडेंट, त्यांच्या मागे इंटर्न, आणि सगळ्यात मागे टाचा उंचावून पाहणारा विद्यार्थी. हृदयातली कुरबुर ऐकायला स्टेथोस्कोप कानाला लावेपर्यंत राउंड पुढच्या खाटेवर गेलेला असतो. शिवाय पेशंट येतो तोच निदानाच्या जाड फायलीसकट. "काय होतंय?" या साध्या प्रश्नापासून सुरुवात करून निदानापर्यंत चाचपडत जाणं हे खरं शिकणं, आणि ते आधीच दुसऱ्या कोणीतरी केलेलं असतं.

याचा हिशेब अमेरिकेतले आरोग्यसेवेचे अभ्यासक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ सालीच मांडून ठेवला आहे. हजार प्रौढ माणसं घेतली तर महिन्याभरात त्यांपैकी साडेसातशेंना काहीतरी दुखतंखुपतं. अडीचशे डॉक्टरकडे जातात. नऊ जण रुग्णालयात दाखल होतात, पाच जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो हजारातला एक. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी ही मोजणी पुन्हा केली. चित्र जवळपास तेच निघालं, विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोचणारे तर हजारात एकाहूनही कमी. म्हणजे बहुतेक नामांकित कॉलेजं त्या एका पेशंटवर डॉक्टर तयार करतात, आणि ते डॉक्टर पुढे जन्मभर उरलेल्या नऊशे नव्याण्णवांमध्ये काम करतात. दुर्मिळ आजाराची लक्षणं घडाघडा म्हणून दाखवणारा, पण साध्या पाठदुखीपुढे गोंधळून जाऊन तपासण्यांची लांबलचक यादी लिहून देणारा नवा डॉक्टर मी अनेकदा पाहिला आहे. तो हुशारच असतो. त्याला पाठदुखी कोणी दाखवलेलीच नसते.

त्यामुळे दोन कॉलेजांत निवड करायची असेल तर लहान रुग्णालयाचं, जनरल ओपीडीत आणि आरोग्यकेंद्रांत विद्यार्थ्यांना भरपूर पाठवणारं कॉलेज नुसतं नाव लहान म्हणून बाजूला टाकू नये. हार्वर्डसारख्या नावाच्या धनी संस्थेलाही हे जाणवलं. शेजारच्या केंब्रिजमधल्या, सर्वसामान्य वस्तीला सेवा देणाऱ्या रुग्णालयांच्या समूहात तिने २००४ साली थोड्या विद्यार्थ्यांपुरता वेगळा प्रयोग सुरू केला. महिनाभर या विभागात, महिनाभर त्या विभागात अशी फिरती बंद केली आणि विद्यार्थ्याला वर्षभर ठरावीक पेशंटांच्या सोबत राहायला सांगितलं. गरोदर बाई पहिल्या तपासणीला आली तेव्हा जो विद्यार्थी होता, तोच बाळंतपणाला आणि तोच बाळाच्या तपासणीलाही. आजार काळाबरोबर कसा बदलतो आणि माणूस आजाराबरोबर कसा बदलतो, हे चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये दिसतच नाही.

आता क्रमवारीबद्दल, कारण पालकांच्या हातातल्या कागदावर सगळ्यात वर तीच असते. अमेरिकेत यूएस न्यूज या नियतकालिकाची कॉलेजांची यादी अनेक वर्षं प्रमाण मानली गेली. संशोधनाला मिळालेलं अनुदान, इतर कॉलेजांच्या प्रमुखांचं मत, प्रवेश घेणाऱ्यांचे गुण अशा गोष्टींवर ती उभी होती. जानेवारी २०२३ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलने या यादीला माहिती देणं थांबवलं. पाठोपाठ स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया अशी वरच्या क्रमांकांची कॉलेजं बाहेर पडली. पुढच्या वर्षी यादीने क्रमांक देणं सोडून कॉलेजांचे ढोबळ गट केले. ज्यांना या क्रमवारीचा सगळ्यात जास्त फायदा होता त्यांनीच तिला नाकारलं, यावर पालकांनी थोडं थांबून विचार करावा असं मला वाटतं. अनुदानाचा आकडा प्रयोगशाळेबद्दल सांगतो. हुशार मुलं आत आली हे गुणांवरून कळतं, पण आत आल्यावर त्यांना काय मिळालं ते त्यातून कळत नाही.

नावाला काहीच अर्थ नाही असं मात्र मी म्हणणार नाही. संशोधनातच जायचं असेल, एखाद्या विषयातले जाणकार तिथेच असतील, तर नावाजलेल्या कॉलेजात जावं आणि बिनदिक्कत जावं. मोठ्या नावाने पुढच्या शिक्षणाची काही दारं लवकर उघडतात हेही खरं आहे. अमेरिकेत जानेवारी २०२२ पासून लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत गुण देणं बंद होऊन फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढंच कळवलं जाऊ लागलं, तेव्हा अनेकांनी भीती बोलून दाखवली की आता कॉलेजच्या नावाला आणखी भाव येईल. ती भीती निराधार नाही. लहान कॉलेजातल्या मेहनती विद्यार्थ्याकडे आपलं नाणं खणखणीत आहे हे दाखवण्याचं एक साधन होतं, ते गेलं. पण नावाला भाव आला म्हणून नावाखाली शिक्षण आपोआप येत नाही.

मग पारख करायची कशी? याचा वस्तुपाठ अब्राहम फ्लेक्सनर यांनी घालून दिला. ते डॉक्टर नव्हते, शाळा चालवलेले शिक्षक होते. अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ मेडिकल कॉलेजांना त्यांनी प्रत्यक्ष भेटी दिल्या आणि १९१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यांची रीत फार साधी होती. कागदावर प्रयोगशाळा आहे म्हणता ना, मग दाखवा. रुग्णालय आहे म्हणता, तर तिथे तुमचे विद्यार्थी जातात का ते बघू द्या. कित्येक ठिकाणी कागदावरची प्रयोगशाळा प्रत्यक्षात नव्हतीच आणि रुग्णालयाशी संबंध नावापुरता होता. अहवालानंतर निकृष्ट कॉलेजं झपाट्याने बंद पडली.

याच अहवालाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कृष्णवर्णीयांसाठीच्या सात कॉलेजांपैकी फक्त हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोन टिकवण्याजोगी आहेत असं फ्लेक्सनर यांनी लिहिलं आणि बाकीची पाच बंद झाली. त्या समाजातून डॉक्टर होण्याची वाट अनेक पिढ्यांसाठी अरुंद झाली. मोजमाप कोण करतं आणि कशासाठी करतं यावर कोणाला डॉक्टर होता येणार हेही ठरतं. म्हणून क्रमवारी लावण्याचा अधिकार एखाद्या मासिकाकडे असू नये, तसाच तो एकट्या तज्ज्ञाकडेही असू नये. माहिती उघडी असावी आणि ज्याने-त्याने आपल्या गरजेप्रमाणे ती वाचावी.

हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या शिक्षणाबद्दल विचारलं जातं आणि विद्यापीठवार, विषयवार उत्तरं प्रसिद्ध होतात, वैद्यकाचीसुद्धा. अमेरिकेत मेडिकल कॉलेजांची संघटना बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सविस्तर प्रश्नावली देते. शिक्षकांनी प्रत्यक्ष तपासणी पाहिली का, अपमानास्पद वागणूक मिळाली का, असे नेमके प्रश्न त्यात असतात. देशभराची एकत्रित उत्तरं जाहीर होतात, पण एकेका कॉलेजची उत्तरं त्या कॉलेजकडेच जातात. नव्याने प्रवेश घेणाऱ्याला ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमकं तेच कुलूपबंद राहतं. ते उघडावं. सोबत आणखी थोडं सांगावं : खाटेपाशी एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात, अर्ध्यावर किती जण सोडून जातात, वर्ष गेलेल्यांना पुन्हा उभं राहायला काय मदत मिळते, आणि पदवीनंतर दहा वर्षांनी त्या तुकडीतले लोक कुठे आणि कोणतं काम करत आहेत. हा शेवटचा आकडा तर समाजाने हक्काने मागायला हवा.

तोवर विद्यार्थ्याने स्वतःच फ्लेक्सनर व्हावं. कॉलेजने नेमलेल्या मार्गदर्शकासोबतची फेरी जरूर करावी, पण तेवढ्यावर थांबू नये. कँटीनमध्ये शेवटच्या आधीच्या वर्षाचे विद्यार्थी गाठावेत. पहिल्या वर्षाच्यांना अजून काही दिसलेलं नसतं आणि शेवटच्या वर्षाच्यांना बोलायला वेळ नसतो. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलं की "छान आहे" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारावं : तू लिहिलेली केस शेवटची कोणी दुरुस्त करून दिली? कधी? गेल्या आठवड्यात किती पेशंट तू एकट्याने तपासलेस? तुमच्यातला एखादा नापास झाला तेव्हा काय झालं? या शेवटच्या प्रश्नाला मुलं एकमेकांकडे बघायला लागली तर ते ध्यानात ठेवावं.

शक्य असेल तर सकाळच्या राउंडच्या वेळी वॉर्डाच्या दाराशी पाच मिनिटं उभं राहावं. पेशंटची खासगी माहिती कानावर घ्यायची नाही, आत जाऊन कोणाला अडथळा करायचा नाही, लांबूनच बघायचं. शिक्षक पेशंटच्या नावाने हाक मारतात की खाटेच्या नंबराने? पांघरूण बाजूला करण्याआधी विचारतात का? उत्तर न आलेल्या विद्यार्थ्याला सगळ्यांदेखत कापून काढतात, की थांबून पुन्हा विचारतात? समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॅफर्टी यांनी नव्वदच्या दशकात वैद्यकीय शिक्षणातल्या छुप्या अभ्यासक्रमाबद्दल लिहिलं, तो हाच. कुठल्याही वेळापत्रकात नसलेला हा विषय विद्यार्थी सगळ्यात मन लावून शिकतात. मी स्वतः विद्यार्थी असताना एका नावाजलेल्या वरिष्ठांच्या हाताखाली होतो. ते मुलांना पेशंटसमोर इतकं टाकून बोलत, की आम्ही खोटं बोलायला शिकलो. रक्तदाब मोजला नसला तरी आकडा सांगायचा, कारण "नाही मोजला" म्हणायची सोय नव्हती. ती सवय घालवायला मला काही वर्षं लागली, आणि त्या काळात माझ्या कागदावर लिहिलेला प्रत्येक आकडा खरा होता असं मी आजही म्हणू शकत नाही.

मुलांच्या मनावरच्या ताणाकडे घरची माणसं फार उशिरा बघतात. २०१६ मध्ये ४३ देशांमधल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून प्रसिद्ध झाले. वैद्यकाच्या सुमारे २७ टक्के विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं दिसली, आणि अशांपैकी जेमतेम १६ टक्क्यांनी उपचार घेतले होते. भावी डॉक्टरच उपचाराला जायला कचरतात, कारण कळलं तर आपल्यावर शिक्का बसेल असं त्यांना वाटतं. यात कॉलेजच्या रचनेचा वाटा असतो. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने पहिल्या दोन वर्षांत श्रेणी देणं बंद करून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवलं. आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांची तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांचं मनःस्वास्थ्य सुधारलं होतं आणि परीक्षांमधली कामगिरी खालावली नव्हती. तेव्हा निवड करताना परीक्षेची पद्धत विचारणं हा नाजूकपणा नाही, आणि गावापासून, आधार देणाऱ्या माणसांपासून किती लांब जावं लागेल याचा विचार करणं हा भित्रेपणाही नाही.

पैशाबद्दल माझं मत ठाम आहे. दोन्ही कॉलेजं खाटेपाशी सारखीच शिकवत असतील तर कमी कर्जाचं घ्यावं, आणि ते सांगताना मान खाली घालू नये. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला तरुण डॉक्टर कोणत्या शाखेत जायचं, कुठे राहायचं, एखादी तपासणी खरंच गरजेची आहे का, हे सगळं ठरवताना पूर्ण मोकळा नसतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने २०१८ मध्ये सगळ्यांची शिक्षण फी माफ केली. २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांच्या शंभर कोटी डॉलरच्या देणगीमुळे ब्राँक्समधल्या आइनस्टाइन कॉलेजनेही तेच केलं. पण दानशूरांच्या मर्जीवर हा प्रश्न सुटणारा नाही, आणि नुसती फी माफ केल्याने डॉक्टर गरज आहे तिथे जातीलच असंही नाही. मला जपानमधल्या जिची मेडिकल विद्यापीठाची रीत जास्त पटते. १९७२ पासून ते प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी निवडतं, शिक्षणाचा खर्च कर्ज म्हणून देतं, आणि पदवीनंतर साधारण नऊ वर्षं आपल्या प्रांतात सेवा केली की ते कर्ज माफ होतं. अशा ठिकाणाहून आलेलं पत्र हातात असेल तर ते "बाँड आहे" म्हणून घाईने बाजूला ठेवू नये. त्या वर्षांत कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या देखरेखीखाली काम करायचं हे आधी नीट विचारून घ्यावं. देखरेख असेल तर ती वर्षं शिक्षणाचीच असतात. नसेल तर तो बाँड विद्यार्थ्यावर आणि पेशंटवर सारखाच अन्याय आहे, आणि तसा बाँड लावणाऱ्या सरकारांना जाब विचारायला हवा.

हे सगळं लिहिताना मला अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री एलिझाबेथ ब्लॅकवेल आठवतात. एकामागून एक कॉलेजांनी त्यांना नकार दिला. १८४७ मध्ये जिनिव्हा नावाच्या लहानशा अमेरिकन कॉलेजने त्यांचा अर्ज विद्यार्थ्यांच्या मतावर सोडला. विद्यार्थ्यांना ती थट्टा वाटली आणि त्यांनी होकार दिला. १८४९ मध्ये त्या पदवीधर झाल्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांसाठीच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, रखमाबाई लंडनच्या स्त्रियांसाठीच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या. त्यांच्यापुढे दोन कॉलेजांतून एक निवडायचा प्रश्नच नव्हता. जे दार उघडलं त्यातून त्या आत गेल्या.

आजही दार किलकिलं होण्याची वाट बघत बसलेले कितीतरी जण प्रतीक्षायादीवर असतात. अमेरिकेत ३० एप्रिलपर्यंत एकाहून जास्त जागा हातात ठेवता येतात, नंतर एकच ठेवणं अपेक्षित असतं. इतरत्र तारखा वेगळ्या, पण सवय सारखीच : तारीख येईपर्यंत सगळं धरून ठेवायचं. मी घरी आलेल्या मुलांना उठताना एवढंच सांगतो, की मन ठरलं असेल तर तारखेची वाट पाहू नका, नको असलेली जागा आज रात्रीच सोडा. मागच्या हंगामात एका मुलीने माझ्यासमोर बसूनच मोठ्या नावाच्या कॉलेजला नकार कळवला. तिच्या वडिलांचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "बाबा, तिथल्या पोरांना मी विचारलं. तुमची केस कोण वाचतं, हे एकालाही सांगता आलं नाही." मग तिने पाठवल्याची खूण आली का ते पुन्हा एकदा पाहिलं आणि फोन वडिलांच्या हातात दिला.